हद्दीपुरता बर्फ

कॅनडातल्या एडमंटनच्या उत्तरेकडच्या एका गल्लीत दोन घरं शेजारी शेजारी आहेत. एकात चंद्रकांत लांजेवार आणि त्यांची बायको छाया राहतात, दुसऱ्यात ऍलन एकटाच. दोन्ही घरांपुढून एकच फुटपाथ जातो. हिवाळ्यात ज्याने त्याने आपल्या घरापुढचा बर्फ काढायचा, असा शहराचा नियम आहे. या दोन घरांत मात्र गेली वीस-बावीस वर्षं दुसराच नियम चालत आला होता. जो आधी उठेल त्याने दोन्ही घरांपुढचा बर्फ काढायचा.

हा नियम कुणी ठरवला नव्हता. लांजेवार मंडळी नवीन राहायला आली तेव्हा चंदूभाऊ पहिल्या बर्फात बागेतलं फावडं घेऊन बाहेर पडले आणि अर्ध्या तासात कमरेला हात लावून उभे राहिले. ऍलन आपलं रुंद फावडं घेऊन आला, काही न बोलता त्यांच्या घरापुढचा सगळा बर्फ बाजूला लोटून निघून गेला. हे चंदूभाऊंच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठून त्यांनी ऍलनच्या घरापुढचा बर्फ काढला, आणि मग ती चढाओढ कधी सवय झाली ते दोघांनाही कळलं नाही.

चंदूभाऊ मूळचे नागपूरचे. कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलरवर कामाला होते, नंतर इकडे येऊन एका रिफायनरीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. एडमंटनच्या मराठी लोकांत ते ओळखले जातात ते मात्र वेगळ्या विदर्भासाठी. गणपतीत आरती संपली की प्रसादाच्या रांगेत एखादा नवा चेहरा हेरायचा आणि विचारायचं, तुम्ही कुठले. तो बिचारा पुण्याचा निघाला, की हातातला मोदक गार होईपर्यंत त्याची सुटका नाही. नागपूर करारापासून सुरुवात. करारात विदर्भाला काय काय कबूल केलं होतं, त्यातलं काय मिळालं, आणि मिळालं ते म्हणजे वर्षातून एकदा नागपुरात भरणारं हिवाळी अधिवेशन. मंत्री येतात, हुरडा खातात, संत्र्याच्या पेट्या गाडीत टाकतात आणि परत जातात. "आमचा कोळसा, आमच्या फुप्फुसात राख, न् उजेड मुंबईत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यात खोटं काही नव्हतं, ती राख त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं खाल्ली होती. मराठी मंडळातले लोक त्यांना टाळायचे ते केवळ मोदक गार होतो म्हणून.

छायाताई पुण्याच्या. म्हणजे विरोधी पक्ष घरातच होता.

"विदर्भ वेगळा झाला की मला माहेरी जायला परराज्यात जावं लागेल," त्या म्हणायच्या.

"मग काय झालं? गाडीत बसायचं न् जायचं. हद्दीवर कोणी पासपोर्ट पाहून राहिलं का?" चंदूभाऊंचं उत्तर तयार असे.

ऍलन वेल्डर होता. जन्म शेजारच्या सस्काचेवान प्रांतातल्या शेतावरचा, तरुणपणी तेलाच्या कामासाठी अल्बर्टात आला आणि इथलाच झाला. त्याचा राग ओटावावर, म्हणजे राजधानीतल्या सरकारवर. तेल आमचं, काम आमचं, आणि पाइपलाइन कुठून न्यायची, न्यायची की नाही, हे ठरवणार तीन हजार किलोमीटरवर बसलेले लोक. उन्हाळ्यात दोघं मागच्या अंगणात बियर घेऊन बसले की एकजण तेलाचं सांगे, दुसरा कोळशाचं. चंद्रकांत हे नाव ऍलनच्या तोंडात कधी मावलं नाही, तो त्यांना चॅन म्हणायचा. पण नागपूर करार हे दोन शब्द मात्र त्याला चांगले म्हणता यायचे. अख्ख्या मंडळात चंदूभाऊंना इतका मन लावून ऐकणारा माणूस मिळाला नव्हता.

एका बाबतीत मात्र चंदूभाऊंनी हट्टाने स्वतःचं नुकसान करून घेतलं. कॅनडाचे नागरिक झाले तेव्हा भारताचा पासपोर्ट परत करावा लागला. त्यानंतर सगळेजण ओसीआय कार्ड काढतात. ते असलं की भारतात जायला दर वेळी व्हिसा लागत नाही. छायाताईंनी आपलं काढून घेतलं. चंदूभाऊ अडून बसले.

"माझ्या गावात जायले मले परका असल्याचं कार्ड काहून पाह्यजे?"

"बाबा, जस्ट गेट इट डन. एक ऍप्लिकेशन तर आहे," टोरोंटोहून त्यांची मुलगी रुचा फोनवर म्हणायची. चंदूभाऊ हाव म्हणायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा व्हिसा काढूनच जायचे. कार्ड काढलं म्हणजे आपण नागपूरचे नाही हे आपल्याच हाताने कबूल केलं, असं त्यांना वाटे. व्हिसा काढल्यावर आपण काय असतो, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

मग दोन हजार तेवीसच्या सप्टेंबरात भारत आणि कॅनडा या दोन सरकारांचं बिनसलं आणि कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा मिळायचे थांबले. कार्डवाले जात-येत होते. छायाताईसुद्धा जाऊ शकत होत्या. आणि नेमकी त्याच दिवसांत नागपूरला चंदूभाऊंची माय गेली.

धाकटा भाऊ विक्रम याने फोन धरून ठेवला आणि चंदूभाऊंनी आईला पडद्यावरून निरोप दिला. विक्रमचा हात कापत होता. त्यामुळे त्यांना छत दिसलं, गरगरणारा पंखा दिसला, कुणाच्या तरी खांद्यावरचा पंचा दिसला, आणि मधूनच क्षणभर माय. फोन नीट धर असं धाकट्या भावाला सांगायची ती वेळ नव्हती. ते पंखाच बघत राहिले.

त्यानंतर काही दिवस चंदूभाऊ घराबाहेर पडले नाहीत. शनिवारी सकाळी ऍलन दारात येऊन उभा राहिला. "मी आईकडे चाललोय सस्काटूनला. ती म्हणते, लाडू पाठवणाऱ्या माणसाला एकदा बघायचंय. चल."

छायाताईंचे बेसनाचे लाडू ऍलनबरोबर वर्षानुवर्षं सस्काटूनला जात होते, ही गोष्ट खरी. पण ऍलनच्या आईने असं काही म्हटलं होतं की नाही, देव जाणे. चंदूभाऊ गेले. नदीजवळच्या एका वृद्धाश्रमात नव्वदी ओलांडलेली जोन खिडकीशी बसली होती. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला तो, काही खाल्लंस का. चंदूभाऊंना रडू आवरेना. जोनने हात सोडला नाही आणि कारणही विचारलं नाही.

तेव्हापासून दर महिन्याला एका शनिवारी ऍलनचा ट्रक दोनदा हॉर्न वाजवतो आणि चंदूभाऊ लाडवांचा डबा घेऊन निघतात. निम्म्या वाटेवर लॉइडमिन्स्टर लागतं. ते गाव अल्बर्टा आणि सस्काचेवान या दोन प्रांतांच्या सीमेवर नाही, सीमाच त्या गावाच्या मधून गेलीय. हद्द दाखवायला लाल रंगाचे उंचच्या उंच खांब उभे केलेत, आणि त्या खांबांच्या आसपास लोक या प्रांतातून त्या प्रांतात ब्रेड आणायला जातात. ऍलन तिथे कॉफीसाठी थांबतो. या शनिवारांवर चंदूभाऊंचा जीव होता. माय गेल्यावर जगात एकच माणूस उरलं होतं जे त्यांना खाल्लंस का म्हणून विचारायचं, आणि त्या माणसापर्यंत जायचा रस्ता ऍलनच्या ट्रकमधून जात होता.

या जानेवारीत अल्बर्टा कॅनडातून वेगळा करण्यासाठी सह्यांची मोहीम निघाली. सार्वमत व्हावं की न व्हावं, यावर रेडिओपासून ग्रोसरीच्या रांगेपर्यंत सगळीकडे वाद. ऍलनने घरापुढच्या बर्फात वेगळं होण्याच्या बाजूचा बोर्ड ठोकला. मग एका संध्याकाळी तो चंदूभाऊंकडे आला, बूट दारात काढले आणि मुद्द्यावर आला.

"गुरुवारी कम्युनिटी लीगच्या हॉलमध्ये मीटिंग आहे. लोक म्हणतात, वेगळं व्हायचं म्हणणारे सगळे बाहेरून आलेल्यांच्या विरोधात आहेत. तू बोल, चॅन. तू तर मला भेटल्यापासून हेच बोलतोयस."

चंदूभाऊंना आजवर भाषण कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. थांबव म्हणूनच सांगितलं होतं. ते भरात येऊन हो म्हणाले.

बेसमेंटमध्ये फर्नेससमोर उभं राहून त्यांनी तयारी सुरू केली. कोळसा झाला, राख झाली, तेल झालं, ओटावा झालं. सगळं कसं सुरेख जुळत होतं. शेवटच्या वाक्याशी मात्र गाडी अडायची. म्हणून आपला देश वेगळा हवा, एवढंच म्हणायचं होतं. तीनदा म्हणून पाहिलं आणि तिन्ही वेळा वाक्य अर्धंच राहिलं.

कपडे वाळत घालायला छायाताई खाली आल्या होत्या. "तुमच्या भाषणात नेहमी राज्य असतं," त्या म्हणाल्या. "देश कधीपासून आला?"

"तू पुण्याचे टोमणे मारू नको."

"टोमणा नाही मारत. विचारतेय."

चंदूभाऊ कपड्यांच्या बादलीशेजारी स्टुलावर बसले. "मले तेच समजून नाही राहिलं, छाया. त्याचं सगळं गाऱ्हाणं मले पटते. फक्त शेवट पटत नाही."

"मग सांगा ना त्याला."

"कसा सांगू? त्यानं मले कधी कशाले नाही म्हटलं का? न् एकदा त्याचं मन तुटलं तर शनिवार गेला. जोन गेली. दुसऱ्यांदा नाही जमणार मले."

छायाताईंनी एक ओला टॉवेल त्यांच्या हातात दिला, धरा जरा म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्या नाहीत. पुण्याच्या माणसाने एवढं गप्प बसणं म्हणजे मोठीच माया.

गुरुवारी हॉल भरला होता. कॉफीची मोठी किटली, डोनटचे खोके, खुर्च्यांवर लटकवलेली जाड जाकिटं. ऍलन दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. चंदूभाऊंनी नागपूरपासून सुरुवात केली. आमच्या जमिनीतला कोळसा, आमच्या गावावर राख आणि दिवे दुसऱ्यांच्या शहरात, हे सांगितलं तेव्हा माना डोलायला लागल्या. हिवाळी अधिवेशनाचं सांगितलं तेव्हा लोक हसले.

"पण कल्पना वाईट नाही," चंदूभाऊ म्हणाले. "पार्लमेंटचं एक अधिवेशन दर जानेवारीत एडमंटनला भरवा. उणे पस्तीसमध्ये एकेकाची गाडी सुरू झाली नाही, की आपल्या तक्रारी त्यांना आपोआप समजतील."

टाळ्या पडल्या. ऍलनचं तोंड अभिमानाने फुललं होतं, तो शेजारच्या माणसाला कोपराने ढोसत होता. इथे चंदूभाऊ खाली बसले असते तर सगळ्यांचं भलं झालं असतं. दोस्ती राहिली असती, भाषण गाजलं असतं आणि खोटं तर एकही वाक्य बोलावं लागलं नसतं. ते ऍलनकडे पाहत तसेच उभे राहिले.

"मी वेगळं राज्य मागत आलो," ते शेवटी म्हणाले. "आपले निर्णय आपल्या गावात व्हावेत, आपल्या जमिनीतलं आपल्याला विचारून न्यावं. ते तुम्ही मागा, मी पहिली सही करतो. पण देश ही वेगळी गोष्ट आहे. देश मी एकदा बदललाय. मी हौसेने बदलला, मला कुणी ढकललं नव्हतं. शपथ घेतली त्या दिवशी मला हद्द कुठे दिसली नाही. केक कापला, फोटो काढले. हद्द दिसली ती दोन सरकारांचं भांडण झालं त्या दिवशी. माझी आई गेली, आणि मला ती फोनवर बघावी लागली." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मला एवढंच सांगायचं होतं."

हद्दीपलीकडच्या जोनचं नाव त्यांनी घेतलं नाही. ते घ्यायचा आपल्याला हक्क नाही, हे त्यांना कळत होतं.

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. मागून एकाने विचारलं, "म्हणजे तू आमच्या बाजूने की त्यांच्या?"

"मी ऍलनच्या शेजारी राहतो," चंदूभाऊ म्हणाले आणि बसले.

दोघं ऍलनच्या ट्रकमधून परत आले. घरापाशी उतरताना ऍलन गुड नाइट म्हणाला, चॅन म्हणाला नाही.

सकाळी बर्फ पडलेला होता. चंदूभाऊ फावडं घेऊन बाहेर आले आणि दारातच थबकले. ऍलन आधी उठला होता. त्याने आपल्या घरापुढचा फुटपाथ काळाभोर दिसेपर्यंत स्वच्छ केला होता, आणि जिथे त्याची हद्द संपते तिथे फावडं थांबवलं होतं. बर्फाची कड सुरीने कापल्यासारखी सरळ होती. वेल्डरचा हात तो, वाकडा कसा जाईल. चंदूभाऊ त्या कडेपाशी बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी आपल्या बाजूचा बर्फ काढला आणि घरात येऊन चहाही घेतला नाही.

पुढचा सगळा आठवडा तसाच गेला. रोज थोडा थोडा बर्फ, आणि रोज सकाळी ती सरळ कड. चंदूभाऊंना राग यायचा, मग वाईट वाटायचं, मग पुन्हा राग यायचा. आपण चूक बोललो नाही याची त्यांना खात्री होती, आणि त्या खात्रीचा काडीचाही उपयोग होत नव्हता.

"तुम्ही काढा ना त्याच्याकडचा," छायाताई म्हणाल्या.

"मी माफी मागून राहिलो असं वाटेल त्याले."

"वाटू दे."

शुक्रवारी रात्री जोराचा बर्फ झाला. शनिवार तोच होता, सस्काटूनचा. चंदूभाऊ अंधारातच उठले. आपल्या घरापुढचा बर्फ काढत काढत ते हद्दीपाशी आले आणि थांबले. दम खाल्ला. मग फावडं पुढे लोटलं आणि ऍलनच्या घराच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. बोर्डाच्या पायाशी साचलेला बर्फही बाजूला केला, कारण तोल जाऊन बोर्ड फुटपाथवर पडायला आला होता. तो त्यांनी सरळ केला. वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत ऍलन कप हातात धरून उभा होता. त्याने हात केला नाही. यांनीही केला नाही.

घरात आले तर टेबलावर लाडवांचा डबा बांधून ठेवलेला.

"हा कोणासाठी?"

"जोनसाठी. भांडण तुमचं आहे, तिचं नाही," छायाताई म्हणाल्या.

चंदूभाऊ जाकीट न काढता खुर्चीवर बसून राहिले. बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ नुसता घुरघुरत राहिला. छायाताई ओट्याशी उभ्या होत्या, त्यांनी नळ बंद केला. मग हॉर्न वाजला, दोनदा. चंदूभाऊ बुटाच्या नाड्या न बांधताच धावले.

लॉइडमिन्स्टरपर्यंत ऍलन हॉकीबद्दल बोलला, आणि तेही थोडंच. एकदा मध्येच म्हणाला, "बोर्ड मी काढणार नाहीये."

"नको काढू," चंदूभाऊ म्हणाले.

लॉइडमिन्स्टरला त्याने नेहमीप्रमाणे दोन कॉफ्या घेतल्या. पण दुकानापाशी न थांबता तो ट्रक घेऊन लाल खांबांपर्यंत आला आणि रस्त्याच्या कडेला उभा केला. समोरून एक बाई मुलाला घसरगाडीवर बसवून ओढत चालली होती, या प्रांतातून त्या प्रांतात.

"फोनवर," ऍलन म्हणाला. तो समोरच पाहत होता. "तुला तिचा चेहरा तरी दिसला का?"

"थोडासा. भावाचा हात हलत होता. पंखाच जास्त दिसला."

ऍलनने कॉफीचं झाकण काढलं, परत लावलं. चेहऱ्यावरून हात फिरवला. त्याची नजर एका खांबावरून दुसऱ्यावर गेली आणि मधल्या रिकाम्या रस्त्यावर थांबली.

"तो माणूस," त्याने विचारलं, "पासपोर्टवर शिक्के मारणारा. त्याला इथे कुठे बसवतील?"

आयुष्यभर मुद्दे शोधत फिरलेल्या चंदूभाऊंच्या हातात असा मुद्दा कधीच कुणी आणून दिला नव्हता. त्यांनी तो तसाच राहू दिला. मांडीवरचा डबा जरा जवळ ओढून घेतला.

"चल," ते म्हणाले. "तिची जेवायची वेळ होते. आपण पोचल्याशिवाय ती जेवत नाही."

ऍलनने मान हलवली आणि ट्रक रस्त्यावर घेतला. खांब मागे गेले. कुणी थांबवलं नाही, कुणी काही विचारलं नाही.